दोन फुटांची खोली

गेल्या दिवाळीनंतर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ येऊन पडली. चौदा पानं. नामपूरला गावठाणाबाहेरच्या प्लॉटवर आमचं नवं घर बांधून होत आलं होतं, आणि दादानं एका इंटिरियरवाल्याकडून तिन्ही बेडरूमच्या वॉर्डरोबची थ्रीडी चित्रं करून घेतली होती. खाली मेसेज: ‘बघून घ्या, फायनल करायचंय.’ आईनं अंगठा टाकला. वहिनीनं बदामाच्या डोळ्यांचा इमोजी. मी पुण्यात, बसमध्ये उभ्यानं, चित्रं मोठी करकरून बघितली आणि मीही अंगठा टाकून मोकळी झाले.

मला ती आवडली होती. हे आधीच कबूल करते, कारण पुढे मी त्या पीडीएफची पिसं काढणार आहे. असल्या चित्रांवर आपण सगळेच भाळतो. रात्री झोप येत नसली की मीही तीस सेकंदांत आवरून होणाऱ्या कपाटांची रील्स बघत पडते.

पण रात्री ती फाइल पुन्हा उघडली तेव्हा जुनी खोड आडवी आली. कवितासंग्रह हातात आला की मी ज्या गोष्टी बघते त्याच बघायला लागले. यात कोण बोलतंय? कुणाशी? आणि कुणाला यात जागाच नाही?

चौदाही पानांवर कपाटाच्या आत मधासारखा पिवळा उजेड होता. दांडीवर सात शर्ट, सगळे पांढरे, राखाडी नाहीतर फिकट निळे. वरच्या फळीवर एक हॅट. बाजूला तीन पुस्तकं, पाठीवर नाव नसलेली. काचेच्या बरणीत वाळलेलं गवत. नामपूरच्या माणसाला वाळलेलं गवत बरणीत घालून फळीवर मांडायला सांगितलं तर तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. आमच्या घरात बायका चार: मोठी आई म्हणजे माझी आजी, आई, वहिनी आणि मी. चौदा पानांत साडी एकही नव्हती. गोधडी नव्हती, गाठोडं नव्हतं, औषधांची पिशवी नव्हती. कुलूप नव्हतं. हँडलसुद्धा नव्हतं, दाबलं की उघडणारी दारं होती.

चित्रातलं सामान सॉफ्टवेअरच्या तयार साठ्यातून येतं, ते खरं धरायचं नसतं, असं दादा म्हणाला. त्याचं बरोबर आहे. पण सामान खोटं असलं तरी मापं खरी असतात. आणि मापं मला त्या हॅटपेक्षा जास्त खटकली.

वॉर्डरोबची खोली, म्हणजे पुढून मागपर्यंतचं अंतर, दोन फूट. कुठल्याही शहरात, कुठल्याही कंपनीचा, कुठल्याही मिस्तरीच्या हातचा वॉर्डरोब मोजा. साधारण दोन फूटच भरेल. हा आकडा येतो कुठून? हँगरवरून. मोठ्या माणसाचं हँगर सतराअठरा इंच रुंद. त्यावर कोट अडकवला की बाह्या धरून वीसबावीस इंच होतात. दाराची आणि मागच्या फळीची जाडी मिळवा, झाले चोवीस. प्लायचा ताव आठ बाय चार फुटांचा येतो, तो उभा मधोमध कापला की दोन फुटांच्या दोन पट्ट्या निघतात, वाया काही जात नाही. म्हणून हे माप पक्कं बसलंय.

थोडक्यात, हे सगळं कपाट एका कोटाभोवती उभं राहिलंय. आमच्या घरात कोट एकच आहे, दादाच्या लग्नातला, आणि तो आता त्याला होत नाही.

घडी घातलेली साडी सव्वा फुटाच्या आसपास बसते. दोन फूट खोल फळीवर साड्या ठेवल्या की पुढे एक रांग आणि मागे अर्धवट दुसरी. मागची रांग दिसत नाही. न दिसणारी साडी नेसली जात नाही, पाचसहा वर्षांनी सापडते तेव्हा घडीवर जर काळी पडलेली असते. भरजरी साडी हँगरवर टांगावी तर वजनानं ओढली जाते. ती घडी घालून, मऊ कापडात गुंडाळून, मधून मधून घडी बदलून ठेवायची असते. गोधड्या पीडीएफनं लॉफ्टमध्ये टाकल्या होत्या, सात फुटांवर. मोठ्या आईची उंची पावणेपाच फूट. थंडीत रात्री तिला अंगावर घ्यायला आणखी एक गोधडी हवी झाली तर तिनं कुणाला तरी उठवायचं, त्यानं स्टूल आणायचं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी ते ऐकायचं. ती उठवणार नाही, कुडकुडत पडून राहील.

मराठीत ‘खोली’ म्हणजे रूमही आणि डेप्थही, हे लहानपणी गमतीचं वाटायचं. आता त्या दोन फुटांत कुणाची खोली आहे, असा प्रश्न पडतो.

शब्दांचं निघालंच आहे तर ‘खण’ घ्या. जुन्या घराचं माप खणात सांगतात. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. टेबलाचा कप्पा तोही खण. आणि माहेरवाशिणीच्या ओटीत नारळाबरोबर घालतात ते चोळीचं कापड, तोही खणच. घर, कप्पा आणि बाईच्या हातात जाणारं कापड यांना एकच शब्द आहे. ‘कपाट’ तर मुळात दाराची झडप. बद्रीनाथची कपाटं उघडतात तेव्हा आत शर्ट टांगलेले नसतात. आपण दारालाच वस्तूचं नाव दिलं. म्हणजे आत काय आहे यापेक्षा ते बंद होतं, हे महत्त्वाचं मानलं.

आमचं जुनं घर धाब्याचं, पाच खणांचं. त्यात वॉर्डरोब नव्हता आणि तरी तीन पिढ्यांचं सामान मावत होतं. जाड मातीच्या भिंतीत देवळ्या होत्या, एक फडताळ होतं, स्वयंपाकघरात उतरंड, आढ्याखाली आडवी दांडी. जुनं ते सगळं छान, असं म्हणणारी मी नाही. त्या दांडीवर वडलांचे, काकांचे, आमचे सगळ्यांचे कपडे एकावर एक पडायचे, आणि मी कॉलेजात असताना माझे आतले कपडे कुठे ठेवायचे हा माझ्या आयुष्यातला मोठा प्रश्न होता. मी ते उशीच्या खोळीत ठेवायचे. दांडीला समतेची वस्तू समजणाऱ्यांनी एकदा अठरा वर्षांची मुलगी होऊन त्या घरात राहून बघावं.

त्या घरात बंद होणाऱ्या वस्तू दोनच. मोठ्या आईची पत्र्याची पेटी आणि आईचं लोखंडी कपाट.

मोठी आई लग्न होऊन आली ती पेटी घेऊन. हिरवा रंग, झाकणावर गुलाबाचं चित्र, आता अर्धं उडालेलं. किल्ली तिच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात. आईचं कपाट तिच्या वडलांनी सटाण्याहून घेऊन दिलेलं. लोखंडी कपाटाला आपल्याकडे सरसकट ‘गोदरेज’ म्हणतात, मग ते कुणीही केलेलं असो. गोदरेजची सुरुवात १८९७ साली कुलपांपासून झाली, मग तिजोऱ्या, आणि १९२३ पासून पोलादी कपाटं. हा क्रम लक्षात घेतला की त्या कपाटाचा स्वभाव कळतो. तिजोरी बनवणाऱ्यांनीच कपड्यांचं कपाट बनवलं, म्हणून त्यात कपड्यांपेक्षा लॉकरकडे जास्त लक्ष आहे. फिरवायची मूठ, तिचा खटका, आतला लॉकर, लॉकरच्या आतला चोरकप्पा. पुढे मुंबईपासून खेड्यापर्यंत ते रुखवतात जाऊन उभं राहिलं. हुंड्याच्या याद्यांमध्येही गेलं. कितीतरी बापांनी ते कर्ज काढून घेतलं असेल. त्याचे गोडवे गाताना हे विसरायचं कारण नाही.

पण ते तिचं होतं. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं की लग्नात बाईला मिळालेल्या वस्तू हे तिचं स्त्रीधन. नवऱ्याच्या घरात ठेवल्या म्हणून त्या नवऱ्याच्या होत नाहीत. त्याच वर्षी महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ रंगभूमीवर आलं. ते नाटक वाड्याच्या पडझडीचं म्हणून वाचलं जातं; मला ते नेहमी त्यातल्या दागिन्यांच्या पेटीमुळे आठवतं. जमीन गेली, पत गेली, अंगणात ट्रॅक्टर गंजत पडलाय, आणि घरातल्यांचे डोळे एका पेटीवर. शेवटी ती पेटी वाड्यातून बाहेर पडते, घरातल्या मुलीबरोबर.

पेटी बाहेर पडू शकते, वॉर्डरोब पडू शकत नाही. पीडीएफवरचा माझा खरा आक्षेप हा आहे आणि तो मला बऱ्याच उशिरा सापडला. वॉर्डरोब भिंतीत बसवलेला असतो. तो घराचा भाग. म्हणजे घर ज्याच्या नावावर, वॉर्डरोब त्याचा. पेटी आणि लोखंडी कपाट बाईबरोबर आलं होतं, आणि वेळ पडली तर टेम्पोत टाकून तिच्याबरोबर परत जाऊ शकत होतं. प्रत्यक्षात फार थोड्या बायका परत गेल्या असतील. पण जाता येणं ही एक गोष्ट असतेच. प्लाय आणि लॅमिनेटनं ती काढून घेतली, आणि आम्ही सगळ्यांनी अंगठे दाखवले.

युरोपातल्या आधुनिक वास्तुकारांना नेमकं हेच हवं होतं. ल कोर्बूझिएनं १९२५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात जे नमुन्याचं घर मांडलं, त्यात जड फर्निचर काढून ठरावीक मापाचे कप्पे उभे केले होते. वस्तू मोजा, प्रमाण ठरवा, कप्पे करा. विचार स्वच्छ आहे, आणि आजचं ‘मॉड्युलर’ त्याचंच नातवंड. पण त्या हिशेबात कप्पा कुणाचा, हा प्रश्न येत नाही. तो विचारला व्हर्जिनिया वुल्फनं, चार वर्षांनी. तिच्या १९२९ च्या पुस्तकाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, स्वतःची खोली. तिनं त्या खोलीच्या दाराला कुलूपही मागितलं होतं, ते आपण विसरतो.

आणि गास्तों बाशलार. त्याच्या ‘द पोएटिक्स ऑफ स्पेस’मध्ये, मूळ फ्रेंच १९५७, एक अख्खं प्रकरण खण, पेट्या आणि कपाटं यांवर आहे. एम.ए.ला ते वाचून मी हरखले होते. कपाटाच्या आतली जागा म्हणजे माणसाच्या आतली जागा, ती कुणापुढेही उघडत नाही, अशी त्याची मांडणी. कपाटातला लव्हेंडरचा वास, ओळीनं रचलेल्या चादरी. परवा पुन्हा वाचलं तेव्हा एक बारीक शंका आली: त्या चादरी कुणी रचल्या? बाशलार कपाट उघडतो तेव्हा ते आवरलेलं असतं. आमच्याकडे कपाट ही स्वप्न बघायची जागा होण्याआधी दर पावसाळ्यानंतर सगळं बाहेर काढून, उन्हात घालून, कसर लागली का बघून, कडुनिंबाचा पाला बदलून परत भरायची जागा असते. तरीही तो पूर्ण चुकलाय असं नाही. मोठ्या आईनं पेटी उघडली की ती पाठ करून बसते. तिची पाठ म्हणजेच दार.

सामान हलवायला आम्हाला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मेरी कोंडोच्या नावाचा जप वहिनीनं केला. कोंडोचं पुस्तक इंग्रजीत २०१४ साली आलं, नेटफ्लिक्सवर ती २०१९ मध्ये आली. सगळे कपडे एका ढिगात आणा, एकेक हातात घ्या, आनंद होतो का विचारा, नाही झाला तर आभार मानून निरोप द्या. वहिनीची चेष्टा मी करणार नाही. पस्तीस वर्षांचा पसारा उपसणाऱ्या बाईला कुणीतरी पद्धत सांगितली तर तिनं ती का धरू नये? (स्वतः कोंडोनं २०२३ मध्ये सांगितलं की तिसऱ्या मुलानंतर तिचंही घर पूर्वीसारखं आवरलेलं नसतं. हे वहिनीला फार आवडलं.)

पण प्रश्न ढिगापाशी अडला. कोंडोचा प्रश्न धरून चालतो की हातातली वस्तू तुमची आहे. आमच्या ढिगातल्या निम्म्या वस्तू कुणा एकाच्या नव्हत्याच. पणजोबांचा फेटा. पुढल्या कुठल्याशा लग्नात द्यायला म्हणून घेऊन ठेवलेल्या सहा साड्या. मोडक्या कानाचं तांब्याचं घंगाळ. मेलेल्या काकाचे शर्ट, ज्यांना मोठी आई हात लावू देत नाही. यांनी आनंद होतो का? काकाच्या शर्टानं कुणाला आनंद होईल? तरी तो टाकायचा कुणी?

अशा वेळी खानदेशातल्याच माणसाचं पुस्तक आठवणार. भालचंद्र नेमाड्यांची ‘हिंदू’ २०१० साली आली, तिच्या नावाचा दुसरा भाग ‘जगण्याची समृद्ध अडगळ’. त्या शब्दावरून तेव्हा बरंच रण माजलं. मला त्यात एक घरगुती नेमकेपणा दिसतो. पसारा आवरता येतो, कचरा टाकता येतो. अडगळ या दोन्हींत बसत नाही. तिचा आज उपयोग नाही आणि ती टाकवतही नाही, म्हणून तिला वेगळी जागा लागते. नेमाड्यांचा खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे, थर उकरणारा. पण कादंबरी वाचताना मला हेही जाणवत राहतं की अडगळीला समृद्ध म्हणणारा माणूस सहसा ती झाडणारा नसतो. ते काम घरातल्या बायकांकडे. अडगळीचं तत्त्वज्ञान आणि अडगळीची धूळ एकाच माणसाच्या वाट्याला आली असती, तर कादंबरी निदान शंभर पानांनी आटोपली असती असा माझा अंदाज आहे.

पीडीएफमध्ये अडगळीला जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी ती सगळी गच्चीवर ताडपत्रीखाली गेली. मोठ्या आईची पेटीही, चुकून. संध्याकाळी ती हॉलमध्ये तिच्या खाटेवर बसली, खाटेखाली हात घालून चाचपलं आणि म्हणाली, “मनी पेटी कोठे शे?” तिन्ही बेडरूमचे वॉर्डरोब सॉफ्ट-क्लोज होते. मोठी आई हॉलमध्ये झोपते. चौदा पानांमध्ये तिच्या नावाची फळी नाही, हे तोवर माझ्यासकट कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

नामपुरात चांगलं डिझाइन नसतं, असं मात्र कुणी समजू नये. पेटी शोधायला गच्चीवर गेले तर समोर शेजारच्या मळ्यातली कांदाचाळ दिसत होती. बागलाणात उन्हाळ कांदा मार्चएप्रिलपासून निघतो आणि भाव येईपर्यंत, कधी कधी दिवाळीपर्यंत, चाळीत राहतो. चाळीची तळातली फळी जमिनीपासून दीडदोन फूट उचललेली, फटी ठेवलेली, म्हणजे खालून हवा खेळते. बाजूंनाही पट्ट्यांच्या फटी. पाखी चारेक फूटच रुंद, कारण त्याहून रुंद केली तर मधला कांदा तापतो आणि सडतो. थर पाच फुटांच्या वर चढवत नाहीत, तळचा चेपतो म्हणून. मधून माणूस चालू शकतो. एक कांदा नासला तर वासावरून कळतं आणि हात घालून काढता येतो. यातलं एकही माप कोटावरून आलेलं नाही. जे ठेवायचंय ते श्वास घेतं, घामेजतं, चेपतं, हे आधी बघितलं आणि मग लाकूड कापलं.

नव्या घराच्या भिंती वर्षभर ओल सोडत असतात. त्यांना चिकटवून प्लायची बंद पेटी ठोकायची आणि आत रेशीम कोंडायचं, हे आमच्या चाळीतल्या कांद्याबाबत कुणीही केलं नसतं. कांद्याला बाजारभाव आहे ना.

आता पान अकरा. ‘गेस्ट बेडरूम’. तीन खोल्यांची नावं होती मास्टर, पॅरेंट्स आणि गेस्ट. मी दादाला फोन केला. गेस्ट म्हणजे कोण? तो म्हणाला, “अगं, तूच की. तू आलीस की तिथेच झोपायचं. पण तुझे कपडे तर पुण्यालाच असतात ना?” असतात. त्यानं प्रेमानंच सांगितलं, आणि मला उत्तर सुचलं नाही. मग आत्या आठवली. ती माहेरी येते तेव्हा तिची बॅग हॉलमध्ये भिंतीला टेकून उभी असते, चेन लावलेली. चार दिवस राहिली तरी कपडे बॅगेतून काढते आणि बॅगेतच ठेवते. मी जन्मल्यापासून हे बघत आलेय आणि तिचा स्वभाव समजत आलेय.

वडलांच्या लॉकरमध्ये सातबारा, खातेउतारा, सोसायटीच्या पावत्या यांच्या खाली एक हक्कसोडपत्र आहे, आत्याच्या सहीचं. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, देशानं २००५ साली. आमच्या भागात त्यानंतर हक्कसोडपत्रंच जास्त लिहिली गेली असावीत, असं वाटण्याइतकी ती घराघरांत आहेत. इथून जवळच, चांदवडला, १९८६ साली शेतकरी संघटनेच्या महिलांचं मोठं अधिवेशन झालं होतं, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत कितीतरी शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमिनी केल्या. आमच्या तालुक्यातल्या माणसांनी हे ऐकलेलं नाही असं नाही. आत्यानं सही केली त्या दिवशी तिला साडी घेतली होती, असं आई सांगते. चांगली होती, पैठणी नव्हती.

मी लंबंचवडं भाषण केलं नाही. मिस्तरीकाकांना सांगून पान अकरावरच्या वॉर्डरोबमधली हँगरची दांडी काढायला लावली. तिथं सव्वा फूट खोलीच्या चार फळ्या घातल्या, मागची उरलेली जागा हवेसाठी सोडून पाठीला जाळी मारली. खालचे दोन कप्पे वेगळे केले, प्रत्येकाला कुलूप. काका म्हणाले, “ताई, याचे पुश-ओपन वाया जातील.” जाऊ द्या म्हटलं. वडलांनी कुलपं बघितली, एक उघडून परत लावलं, आणि विचारलं, “ही कुणासाठी?” मी म्हटलं, “एक माझं, एक आत्याचं.” ते काही बोलले नाहीत. दुपारी जेवताना म्हणाले, “किल्ल्या हरवू नका.”

पेटी खाटेखाली परत गेली. हॉलच्या सीलिंगमधल्या दिव्यांना ती शोभत नाही, असं वहिनीचं म्हणणं आहे आणि ते खरंही आहे.

आत्याला अजून सांगितलेलं नाही. ती आखाजीला येईल.